एका शेजारी एक: रसायनशास्त्राच्या शिकवणीतून एक पाठ



नांदगाव तालुक्यातील भिल्ल वस्त्यांवर फिरताना पालक मला एक प्रश्न वारंवार विचारतात: "भाऊ, पोरगी दहावी चांगली पास झाली. सायन्स घेतलं, अन् आता अकरावीतच का अडकली?" पुष्कळदा त्याचे उत्तर एकाच विषयात सापडते. तो विषय म्हणजे रसायनशास्त्र. या पाठात आपण मूल तेथे का अडकते आणि त्याच्याशेजारी बसणाऱ्याने काय करावे, हे पाहू.

१. हा विषय म्हणजे एक दार आहे

बारावी विज्ञानाला मूल गणिताच्या गटात असो की जीवशास्त्राच्या, रसायनशास्त्र दोन्हीकडे असते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० पैकी १८० गुण या विषयाचे आहेत. बी.एस्सी. नर्सिंग आणि औषधनिर्माणशास्त्राची पदविका यांनाही बारावीचे रसायनशास्त्र लागते. आपल्या वस्तीतून एखादी परिचारिका किंवा औषधनिर्माता घडावा अशी आपण प्रार्थना करतो, तेव्हा त्या वाटेवर हे दार आहे हे लक्षात ठेवले पाहिजे.

मुले येथे अडकण्याची दोन कारणे मला सतत दिसतात. पहिले कारण भाषेचे. घरी भिली किंवा अहिराणी, शाळेत दहावीपर्यंत मराठी, आणि अकरावी विज्ञानाची पुस्तके एकदम इंग्रजीत. दुसरे कारण ऊसतोडीचे. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आईवडील फडावर गेले की पुष्कळदा मूलही जाते. त्या महिन्यांत वर्गात जे शिकवले गेले ते त्याच्या हाती लागत नाही. इतिहासाचा एखादा धडा राहिला तर पुढचा धडा तरी कळतो. रसायनशास्त्रात तसे नाही. संयुजा कळली नाही तर रेणुसूत्र लिहिता येत नाही, सूत्र चुकले तर समीकरणाचे संतुलन होत नाही, आणि समीकरणावाचून पुढचे कोणतेच गणित सुटत नाही. विहिरीची एक पायरी तुटली की खालच्या साऱ्या पायऱ्या असून नसल्यासारख्या होतात.

जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. नांदगाव तालुका त्यात नाही. आपल्याकडच्या भिल्ल वस्त्या गावोगावी विखुरलेल्या आहेत. म्हणून येथे मुलापर्यंत कोणीतरी चालत जावे लागते.

२. आधी विचारावे, मग शिकवावे

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प आणि कूशी अधिकारी यांची हकिकत आहे. तो अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत होता. फिलिप्प धावत जवळ गेला, त्याचे वाचन ऐकले आणि जे वाचता ते समजते का, असे विचारले. कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे उत्तर आले, आणि अधिकाऱ्याने त्याला शेजारी बसवून घेतले. मग फिलिप्पाने नवा धडा काढला नाही. तो मनुष्य जेथे थांबला होता, त्याच ओळीपासून त्याने सुरुवात केली.

एकास एक शिकवणीची सारी रीत यात आहे. साठ मुलांच्या वर्गात शिक्षक कितीही मन लावून शिकवोत, कोणत्या मुलाची कोणती पायरी तुटली आहे हे त्यांना शोधता येत नाही. शेजारी बसलेल्याला ते अर्ध्या तासात कळते.

अकरावीतल्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. तिला समीकरणांचे संतुलन छान येत होते. पण 'मोल' हा शब्द आला की पेन थांबायचे. मी तिला विचारले, "मोल म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "मोलमजुरीतलं मोल. कामाचा दाम." तिचे उत्तर मराठी म्हणून बरोबरच होते. मोलाची ओळख नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या प्रकरणात होते, आणि ते प्रकरण वर्गात झाले तेव्हा ती आईबापांबरोबर फडावर होती. पुढची दोन वर्षे तिने या शब्दावरची गणिते पाठ करून निभावली होती.

३. कांद्याच्या काट्यावर मोल

त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटले आणि कांद्याकडे वळलो. बाजार समितीत ट्रॅक्टरमधले कांदे कोणी मोजत बसत नाही, काट्यावर तोलतात. एक कांदा सरासरी १०० ग्रॅमचा धरला, तर एका क्विंटलमध्ये किती कांदे? तिने लगेच सांगितले, "एक हजार." म्हणजे न मोजता, नुसत्या वजनावरून संख्या कळली.

अणू तर डोळ्यांना दिसतही नाहीत, म्हणून रसायनशास्त्रज्ञही तोलूनच मोजतात. डझन म्हणजे १२, तसा एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. कार्बनचा अणुभार १२, म्हणून १२ ग्रॅम कार्बनमध्ये इतके अणू. पाण्याचा रेणुभार १८, म्हणून १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे साधारण चार लहान चमचे पाण्यात, इतके रेणू.

मग चुनाभट्टी घेतली. चुनखडी तापवली की कळीचा चुना मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६. चुनखडीत ऑक्सिजनचे तीन अणू, म्हणून तिचा एक मोल ४० अधिक १२ अधिक ४८, म्हणजे १०० ग्रॅम. त्यातून ५६ ग्रॅम चुना आणि ४४ ग्रॅम वायू. "मग एक क्विंटल दगडातून छप्पन्न किलो चुना!" हे तिने स्वतःच म्हटले. त्यानंतर पुस्तकातली गणिते तीच होती, फक्त पदार्थ बदलले होते. ती एका दिवसात पहिली आली नाही. पण मोलाचे गणित दिसले की पान उलटणे तिने सोडले.

घरातली आणि कामावरची अशी पुष्कळ उदाहरणे हाताशी असतात. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, कारण साबणाचे पाणी आम्लारिधर्मी असते आणि हळद हा दर्शक आहे. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून कारखान्यात तो स्वच्छ करताना चुना घालतात. ज्या मुलाने ऊस तोडला आहे त्याला उदासिनीकरण शिकवायला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

४. शब्दांची वही

इंग्रजीसाठी आम्ही प्रत्येक मुलाला एक छोटी वही देतो. तिच्यात तीन रकाने: पुस्तकातला शब्द, मराठी पाठ्यपुस्तकातला शब्द, आणि आपल्या बोलीत त्याचा अर्थ. अवघड शब्दांपेक्षा सोपे वाटणारे शब्द जास्त फसवतात. 'सोल्यूशन' म्हणजे गणितात उत्तर, येथे द्रावण. 'सॉल्ट' म्हणजे स्वयंपाकघरात मीठ, येथे कोणताही क्षार. 'बेस' म्हणजे पाया नव्हे, आम्लारी. 'सेल' जीवशास्त्रात पेशी, येथे विद्युतघट. 'रिडक्शन' म्हणजे नुसती कपात नव्हे, क्षपण. रोज पाच शब्द लिहिले तर दोन महिन्यांत तीनशे होतात, आणि मूल इंग्रजी ओळ वाचून तिचा अर्थ स्वतः सांगू लागते.

५. हे कोणी करावे?

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक नाही. बारावी विज्ञान आणि नंतर ईश्वरविज्ञानाची पदविका, इतकेच माझे शिक्षण. मला न सुटणारे प्रश्न मी वहीत उतरवून मंडळीतील एका निवृत्त शिक्षकांकडे नेतो. आपल्या मंडळ्यांत परिचारिका आहेत, औषध दुकानात काम करणारे आहेत, बी.एस्सी.ला शिकणारी तरुण मुले आहेत. पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हा उपक्रम सुरू केला आणि स्वतः शिकत असतानाच गरीब घरांतील मुलांना नीटसाठी विनामूल्य शिकवू लागले. पुढे हे काम मेळघाटातील आदिवासी मुलांपर्यंत पोहोचले. जो नुकताच ती पायरी चढला आहे, तो मागच्याला चांगला हात देतो.

बसताना चार गोष्टी पाळाव्यात:

- आठवड्यातून एक तास, पण ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी. अधूनमधून तीन तास बसण्यापेक्षा हे बरे.
- पहिली दहा मिनिटे मुलाने बोलावे, आपण ऐकावे. गणित आपण सोडवून दाखवू नये. पेन त्याच्याच हातात राहू द्यावे.
- ऊसतोडीला जाण्याआधी त्या महिन्यांची प्रकरणे विचारून घ्यावीत, आणि परत आल्यावर तेथूनच सुरुवात करावी.
- एकास एक म्हणजे बंद खोलीत नव्हे. ओसरीवर किंवा समाजमंदिराच्या उघड्या पडवीत, पालकांना सांगून आणि दुसरे कोणी मोठे माणूस जवळ असतानाच बसावे.

बारावीला या विषयाचे ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रात्यक्षिक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच व्हायला हवे, ते आपल्याला ओसरीवर देता येणार नाही. म्हणून मूल प्रयोगाच्या दिवशी गैरहजर राहत नाही ना, एसटीच्या भाड्यावाचून त्याचे अडत नाही ना, याचीही चौकशी आपण करावी.

मंडळीत चर्चेसाठी

१. फिलिप्पाने शिकवण्याआधी काय काय केले? त्यातले आपण कोणते टाळतो?
२. आपल्या मंडळीत दहावीनंतर विज्ञान शिकलेले किती जण आहेत? त्यांची यादी करा.
३. आपल्या जवळच्या वस्तीवर अकरावी-बारावीला कोण आहे? त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत का? नसतील तर येत्या रविवारी उपासनेनंतर दोघांनी मिळून तिकडे जावे, आणि शिकवण्याचे नंतर पाहू, आधी विचारून यावे.