चिपला हात लावण्याआधी

अगं, जनुकांची अभिव्यक्ती मोजायच्या चिप्स आल्या म्हणून लगेच कामाला लागू नकोस, आधी माझं ऐक. सोमवारी सहा निरोगी उंदरांचे नमुने, गुरुवारी सहा मधुमेही उंदरांचे, असा तुझा बेत आहे ना? असं चुकूनही करू नकोस. जो फरक दिसेल तो मधुमेहाचा की गुरुवारचा, हे मग कुणालाही सांगता यायचं नाही.

2007 मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक गाजलेला निबंध आला. युरोपीय आणि आशियाई वंशाच्या लोकांच्या पेशींत तपासलेल्या 4197 जनुकांपैकी 1097 जनुकांची अभिव्यक्ती वेगळी आहे, असा त्यात दावा होता. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने तारखा काढून दाखवल्या: युरोपीयांच्या चिप्स बहुतेक 2003-04 च्या, आशियाईंच्या 2005-06 च्या. वंशाचा परिणाम कुठला आणि वर्षाचा कुठला, ते आकड्यांतून सुटं करताच येईना. नावाजलेल्या लोकांचं असं झालं, म्हणून तुला कळकळीने सांगतेय.

तेव्हा रोज तीन निरोगी, तीन मधुमेही घे. कोणता उंदीर कोणत्या दिवशी, ते चिठ्ठ्या टाकून ठरव. आरएनए काढतानाही हाच नियम पाळ, खरी गडबड बहुधा तिथेच होते. आणि एकाच उंदराचा आरएनए तीन चिप्सवर घातला, तरी उंदीर एकच राहतो गं. पैसे कमी असतील तर उंदीर वाढव, चिप्सची पुनरावृत्ती नको.

आकडे हातात आले की आधी पीसीएचा आलेख बघ. ठिपके तारखेप्रमाणे वेगळे पडले, तर विश्लेषणाच्या 'लिमा' पॅकेजच्या मॉडेलमध्ये तारीख घाल. दिवस नीट वाटले असशील तरच हा उपाय चालतो. पी-मूल्य 0.05 च्या खाली गेलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. वीस हजार जनुकं तपासलीस आणि एकही बदललेलं नसलं, तरी हजारेक नुसत्या योगायोगाने त्या रेषेखाली येतील. बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती केल्यानंतर जी यादी उरेल, तिच्याबद्दलच सरांशी बोल.

हो, आणि यादी एक्सेलमध्ये उघडण्याआधी नावांचा रकाना 'टेक्स्ट' कर. नाहीतर 'सेप्ट2'ची सरळ 2 सप्टेंबर होते. याच त्रासापायी 2020 मध्ये माणसाच्या त्या जनुकांना 'सेप्टिन' असं नाव द्यावं लागलं.

नमुन्यांचा तक्ता आज रात्रीच पाठव. आरएनए कुणी काढला, कधी काढला, कोणत्या किटने, हे रकाने त्यात हवेत. ते बघितल्याशिवाय तुला पुढे जाऊ देणार नाही.