पाथरवटानें छिन्नी स्वतः घडवावी काय?

पाथरवट छिन्नी लोहाराकडून घेतो. त्याचप्रमाणें संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या कंपन्या त्या आज्ञा पाळणारा प्रोसेसर बहुधा विकत घेतात. मग त्यांनीं तो स्वतः कां आंखावा? या प्रश्नाचा आपण विचार करूं.

इ. स. २०१३ त गूगल कंपनीनें एक हिशेब मांडला. लोक रोज ३ मिनिटें तोंडानें बोलून शोध करूं लागले, तर प्रचलित प्रोसेसरांवर तें काम भागविण्यास तिचीं संगणककेंद्रें दुप्पट करावीं लागणार होतीं. म्हणून तिनें 'टीपीयू' नांवाचा प्रोसेसर १५ महिन्यांत सिद्ध करून इ. स. २०१५ त कामास लाविला. न्यूरल नेटवर्कचे असंख्य गुणाकार व बेरजा झपाट्यानें करणें, हेंच त्याचें मुख्य काम. समकालीन प्रोसेसरांहून तो सरासरीनें १५ ते ३० पट वेगवान ठरल्याचें कंपनीनें इ. स. २०१७ त प्रसिद्ध केलें.

तथापि सर्वांनींच हा मार्ग धरावा, असें आम्हांस वाटत नाहीं. आराखड्याचा प्रचंड खर्च आधींच करावा लागतो. तो पुष्कळ नगांवर वांटला गेला तरच परवडतो. आज्ञावलींतील चूक एका दिवसांत सुधारतां येईल; सिलिकॉनवर उमटलेली चूक पुसतां येत नाहीं. शिवाय गूगलनेंही केवळ आराखडा केला. प्रत्यक्ष घडणावळ दुसऱ्याच्याच कारखान्यांत झाली.

सारांश, काम अफाट, एकाच जातीचें व दीर्घकाळ टिकणारें असेल, तरच स्वतःचें हत्यार आंखावें. एरव्हीं लोहाराचें दुकान बरें. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा. कारण स्वावलंबन हा सद्गुण खरा, पण तोही हिशेबानेंच शोभतो.