ध्वजदिनाचा पैसा कुठे जातो?

दरवर्षी ७ डिसेंबरला तांबड्या, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या रंगांचा छोटा झेंडा आपण छातीला लावतो व डब्यात पैसे टाकतो. १९४९ पासून ही प्रथा आहे. तीन रंग तीन सेनादलांचे, हे पाचवीतली मुलेही सांगतात. पण डब्यातल्या पैशाचे पुढे काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, फौजेतून आलेल्या प्रत्येकाला पेन्शन असते, हा समज खरा नाही. जवानाला साधारणपणे १५ वर्षे नोकरी झाल्यावरच ती मिळते. त्याआधी घरी आलेला जवान म्हातारपणी मुलाबाळांवर अवलंबून असतो, आणि मुलेबाळे नसली तर कोणावरच नाही. अशा ६५ वर्षांवरील, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या निर्धन माजी सैनिकांना ध्वजनिधीतून दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती. २०२५ मध्ये ८,००० झाली.

ही मदत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मिळते. असे कार्यालय आपल्या ग्वाल्हेरातही आहे. या कार्यालयांचा खर्च केंद्र व राज्य वाटून घेतात: मध्य प्रदेशासारख्या राज्यांत केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. पुण्याजवळ खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी केंद्र आहे, त्यालाही अनुदान मिळते.

अडचण वेगळीच आहे. अर्जाला डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, बँकेचे खाते लागते. ज्याला घरच नाही, त्याने ही कागदपत्रे सांभाळायची कुठे? म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, तोच अर्जापर्यंत पोचत नाही. अमेरिकेत जानेवारीतल्या एका रात्री बेघर माजी सैनिकांची वेगळी मोजणी होते. २०२४ मध्ये ते ३२,८८२ निघाले. आपल्या २०११ च्या जनगणनेत बेघर माणसे सुमारे १७ लाख ७० हजार होती. त्यांत माजी सैनिक किती, हा प्रश्नच त्यात नव्हता. मोजलेच नाही, तर पैसा मागणार कशाच्या आधारावर?

भिंड-मुरैना आणि आपल्या भागातून पुष्कळ मुले फौजेत जातात, म्हणून पालकांनीही हे ध्यानात घ्यावे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. बाकीच्यांना चार वर्षांनी एकरकमी सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की ध्वजदिनी शाळेत डब्याशेजारी एक टेबल मांडावे आणि तेथे असे अर्ज भरून द्यावेत. मुलांनो, स्टेशनाबाहेर किंवा रैन बसेऱ्यात कोणी आजोबा "मी फौजेत होतो" म्हणाले, तर मोठ्यांना बरोबर घेऊन त्यांची पलटण आणि नंबर लिहून घ्या. कागद हरवले तरी फौजी आपला नंबर सहसा विसरत नाही. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात त्यावरून नोंद शोधता येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते ऑफिस बेळगावला आहे.