गुरांच्या मूत्रपिंडांचा रोग कसा ओळखावा

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे 27:23-27

आपल्या गुरांमेंढरांची स्थिती मालकाने स्वतः जाणून घ्यावी, असे ह्या पाठात शिकविले आहे. कुकडीकाठी बोरी बुद्रुक गावी ज्याच्या गोठ्यात एकच गाय आहे, त्याने हे वचन मोठ्या कळपवाल्यांकरिता आहे असे समजू नये. त्या एका गाईवर घरचे मीठमिरची व मुलांची शाळा चालते. ती वाचवावयाची तर रोग वेळेवर ओळखला पाहिजे.

मूत्रपिंडे, म्हणजे गुरदे, रक्तातील मळ गाळून मुतावाटे बाहेर टाकितात. गाईचा गुरदा सुमारे 20 खंडांचा, घडासारखा असतो. दोन्ही गुरद्यांचा बहुतेक भाग बिघडेपर्यंत पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पुढील चिन्हांकडे लक्ष द्यावे.

1. गाय वारंवार, थोडे थोडे व कुंथून मुतते. शेपटी सारखी हलविते.

2. पाठीची कमान करिते, पोटावर लाथा मारिते, मागचे पाय जागच्या जागी बदलिते.

3. मूत लाल किंवा गढूळ होते. त्यात पू अथवा रक्ताच्या गुठळ्या दिसतात.

4. ताप येतो, वैरण सुटते, दूध आटते आणि काही आठवड्यांत गाय हाडकते.

हा रोग बहुधा व्यालेल्या गाईस होतो. जंतू मूत्रमार्गाने वर चढून गुरद्यांत शिरतात. म्हणून वेताच्या वेळी जागा व हात स्वच्छ असावे. गळ्याखाली सूज व पातळ हगवण हीदेखील गुरद्याच्या एका जुनाट रोगाची चिन्हे आहेत. परंतु पोटात गेलेली तार व यकृतातील चपटे कृमी यांनीही सूज येते, म्हणून एवढ्यावरून निर्णय करू नये.

लाल मूत दिसल्यास ते स्वच्छ काचेच्या बाटलीत धरून तासभर स्थिर ठेवावे. लाली तळाशी बसली तर मूत्रमार्गातून रक्त जात आहे असे समजावे. सगळे मूत कॉफीसारखे काळपट राहिले व तळाशी काही बसले नाही, तर गोचिडांमुळे येणारा ताप किंवा व्याल्यानंतरची स्फुरदाची उणीव असू शकते. दोन्ही प्रसंगी बाटली घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे, अथवा 1962 ह्या क्रमांकावर कळवावे.

बैल कुंथतो पण थेंबच पडतात, तेव्हा मुतखडा अडकला असण्याचा संभव असतो. मूत्राशय फुटले म्हणजे बैल क्षणभर शांत होतो, आणि मालकास बरे वाटले असा भ्रम होतो. पण पुढे पोट फुगून तो मरतो. म्हणून अशा वेळी एक रात्रही थांबू नये.

डागणे, अंगारा व दुकानातून आणलेली वेदनाशामक सुई यांत दिवस घालवू नये. काही वेदनाशामके दुबळ्या गुरद्यास अधिक इजा करितात. पशुवैद्य गुदमार्गे हात घालून गुरदा चाचपितो व मूत तपासवितो. जंतूंवरील औषध पुष्कळदा तीन आठवडे द्यावे लागते. गाय खाऊ लागली म्हणून ते मध्येच बंद करू नये. तो सांगेल तितके दिवस दूध घालू नये.

लेप्टोस्पायरा नावाचे जंतू गुरद्यांत राहून मुतावाटे मनुष्यासही बाधतात. पायास चीर असता अनवाणी गोठा झाडू नये. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावे.

शेवटी एक गोष्ट. गाय दुखणाईत आहे हे ठाऊक असून ती बाजारात नेऊन दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात बांधण्याचा मोह होतो. यिर्मया 17:10 ह्या वचनात अंतर्यामाकरिता मूळ इब्री शब्द ‘गुरदे’ हाच आहे. गाईचा गुरदा गिऱ्हाइकास दिसत नाही. विकणाऱ्याचे अंतर्याम मात्र प्रभू पाहतो. तोटा सोसावा, परंतु रोग सांगितल्यावाचून जनावर विकू नये.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

1. लाल मुताची परीक्षा कशी करावी?

2. कुंथणारा बैल एकाएकी शांत झाला तर काय समजावे?

3. रोगी गाय न सांगता विकणे ही चोरी आहे काय?