जनावरांच्या कानांतील बिल्ला : क्रमांकाचा आणि औषधाचा

गुरांच्या बाजारांत बैल विकला कीं पावतीवर त्याचें वर्णन लिहिण्याची वहिवाट जुनी आहे. रंग, शिंगांची ठेवण, कपाळावरचा टिळा, भोंवरा कोठें आहे, दांत किती, इतकें लिहिलें म्हणजे जनावराची ओळख पटली असें आपण धरून चालतों. खरसुंडीच्या यात्रेंत उभ्या असलेल्या खिलार बैलांच्या दावणीकडे पाहिलें म्हणजे या ओळखीची मातबरी किती तें कळून येतें. ‘पांढरा, शिंगें उभीं, चार दांती’ हें वर्णन तेथील शंभर बैलांस सारखेंच लागू पडेल. धनी आपला बैल दुरूनहि ओळखतो यांत संशय नाहीं. परंतु विमा, लस, सरकारी मदत किंवा चोरीचा तपास हीं कामें धन्याच्या डोळ्यांवर चालत नाहींत. तीं कागदावर चालतात, आणि कागदाला क्रमांक लागतो.

तो क्रमांक जनावराच्या अंगावरच वागविण्याचें साधन म्हणजे कानांतील बिल्ला, अथवा टॅग. मात्र बिल्ला हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या वस्तूंस लावूं लागलों आहों. एक केवळ छापील क्रमांकाचा, दुसरा विजेच्या यंत्रानें वाचावयाचा, आणि तिसरा माश्या-गोचिडांवरील औषध भरलेला. यांतील पहिले दोन जन्मभर कानांत राहावयाचे व तिसरा ठरल्या मुदतीस काढून टाकावयाचा असतो. हा भेद ध्यानांत न ठेवल्यामुळें पैशाचें व जनावरांचें जें नुकसान होतें, तें टळावें या हेतूनें पुढील माहिती दिली आहे.

आपल्याकडे सर्वत्र दिसतो तो पिवळा बिल्ला पहिल्या जातीचा. तो लवचिक प्लॅस्टिकचा असून वजनानें सुमारें ८ ग्रॅम भरतो, व त्यावर १२ अंकी क्रमांक आणि यंत्रानें वाचावयाच्या उभ्या रेघा छापलेल्या असतात. तो क्रमांक देशांत दुसऱ्या कोणत्याहि जनावरास दिला जात नाहीं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें उभारलेल्या नोंदपद्धतींत, व आतां तिच्या पुढची पायरी असलेल्या ‘भारत पशुधन’ या नोंदींत, क्रमांकापुढें जनावराची जात, वय, वेत, रेतन, लसी आणि धन्याचें नांव हीं लिहिलीं जातात. सप्टेंबर २०१९ मध्यें लाळ्या-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध देशव्यापी लसीकरणास आरंभ झाला. पैकीं पहिल्या रोगाची लस वर्षांतून दोनदां टोंचावी लागते. दुसऱ्याची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्या यांसच, आणि तीहि आयुष्यांत एकदांच. कोणत्या कालवडीस ती टोंचली व कोणतीस राहिली हें घरच्या माणसासहि वर्षभरानें सांगतां येत नाहीं, मग कालवड विकत घेणाऱ्यास तें कोठून कळावें? येथें क्रमांकाचा खरा उपयोग आहे.

महाराष्ट्रांत २०२४ सालीं या बिल्ल्यास एकाएकीं भाव आला. त्या वर्षाच्या आरंभीं गाईच्या दुधास लिटरमागें ५ रुपयांचें अनुदान निघालें, तें बिल्ला व नोंद असलेल्या गाईंपुरतें होतें. पुढें १ जून २०२४ पासून बिल्ल्यावांचून बाजार समितींत व आठवड्याच्या बाजारांत जनावराची खरेदी-विक्री होऊं नये आणि सरकारी दवाखान्यांतून सेवा मिळूं नये असा शासनाचा आदेश झाला. तेव्हां ज्यांनीं पूर्वी ‘कान कशाला भोंसकतां’ म्हणून कर्मचाऱ्यास परत पाठविलें होतें, तेच दवाखान्यासमोर गाय घेऊन उभे राहिले. सक्तीनें लागलेला बिल्ला आणि समजून लावलेला बिल्ला यांत पुढें फार अंतर पडतें, तें असें.

प्रस्तुत लेखकानें कांहीं वर्षांमागें एक संकरित गाय विकत घेतली. कानांत बिल्ला होता, तो पाहूनच समाधान मानलें. नोंदींतील मालकाचें नांव बदलून घ्यावयास हवें होतें, तें आज-उद्यां करतां राहून गेलें. विमा उतरवितांना क्रमांक बरोबर लिहिला गेला, हप्ताहि भरला. दुसऱ्या वेतास गाय दगावली, आणि क्रमांक पाहतां ती अद्याप पहिल्या धन्याचीच निघाली. चार महिने खेटे घालूनहि विम्याची रक्कम हातीं आली नाहीं. कंपनीनें हप्ता घेतांना जी चौकशी केली नाहीं ती रक्कम देतांना केली, याचा राग आजहि आहे. पण गोठ्यांतला आळस माझा होता हेंहि खरें. सबब, जनावर विकत घेतांना पैसे मोजण्यापूर्वी बिल्ल्याचा क्रमांक स्वतः वाचावा, नोंद कोणाच्या नांवें आहे तें पशुवैद्यकीय दवाखान्यांत पाहून घ्यावें, आणि दावें हातांत आल्याबरोबर नांव बदलून घ्यावें. विकणाऱ्यानेंहि हें टाळूं नये. आपल्या नांवावर राहिलेलें परक्याचें जनावर उद्यां कोठें सांपडेल याचा नेम नसतो. बिल्ला तुटून पडला तर नवा लावतांना जुना क्रमांक सांगून दोहोंची जोड करून घ्यावी, नाहीं तर जनावराचा मागील इतिहास पुसला गेल्यासारखेंच होतें. यासाठीं क्रमांक घरच्या वहींत लिहून ठेवलेला असावा.

एका माणसाचें नुकसान म्हणजे कांहींच नव्हे, असें इंग्लंडांतील २००१ सालच्या लाळ्या-खुरकुताकडे पाहतां वाटूं लागतें. त्या फेब्रुवारींत एसेक्समधील एका कत्तलखान्यांत डुकरांना हा रोग झाल्याचें २० तारखेस निश्चित झालें. परंतु तोंपर्यंत उत्तरेकडील हेक्सहॅम व लाँगटाउन येथील बाजारांतून रोगट मेंढ्या देशभर गेल्या होत्या. पहिला रुग्ण हातीं लागण्याआधींच निदान ५७ ठिकाणीं रोग पोंचलेला होता, असें मागाहून हिशेब करतां आढळलें. गाईंना १९९६ पासून तेथें एकेकीचा दाखला होता. मेंढ्यांना मात्र एकेकीचा स्वतंत्र क्रमांक नव्हता. व्यापारी कळपांतून कळपांत मेंढ्या मिसळीत, आणि कोणती मेंढी कोणत्या बाजारांतून कोठें गेली याचा माग काढणें दुरापास्त झालें. सप्टेंबरच्या अखेरीस सांथ थांबली तेव्हां साठ लाखांहून अधिक जनावरें मारलीं गेलीं होतीं, व त्यांतील बहुसंख्य जनावरांस रोग झालेलाच नव्हता. कोणतीं निरोगी आहेत हें खात्रीनें सांगतां येत नसल्यामुळें आसपासचीं सारींच मारावीं लागलीं. पुढें २०१० पासून तेथें मेंढ्यांनाहि विजेच्या यंत्रानें वाचतां येणारा बिल्ला आला.

हा दुसऱ्या जातीचा बिल्ला दिसावयास साधाच असतो. त्याच्या पोटांत तांब्याच्या तारेचें बारीक वेटोळें व तिळाएवढी चिप असते; विद्युद्घट मात्र नसतो. वाचनयंत्र जवळ आणलें कीं त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळें वेटोळ्यांत क्षणभर वीज उत्पन्न होते, व तेवढ्या विजेवर चिप आपला क्रमांक यंत्राकडे पाठविते. यास जगभर एकच मोजमाप ठरलेलें आहे : सेकंदास १,३४,२०० कंपनें आणि १५ अंकी क्रमांक, त्यांतील पहिले तीन अंक पुष्कळदां देशाचे असतात. हिंदुस्थानचा अंक ३५६ आहे. हातांतील यंत्रानें सुमारें वीतभर अंतरावरून, व फाटकावर बसविलेल्या यंत्रानें हातभर-दोन हात अंतरावरून क्रमांक वाचतां येतो. शेण-चिखलानें बिल्ला माखला तरी अडत नाहीं, आणि बारा अंक उतरून घेतांना होणारी चूक होत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत हा बिल्ला गाईंना २००२ पासून, साऱ्या देशांत २००५ पासून, आणि मेंढ्या-शेळ्यांना १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचा झाला.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावला म्हणजे चोरीस गेलेली म्हैस कोठें आहे तें मोबाइलवर दिसतें, असें पुष्कळांना वाटतें. तसें होत नाहीं. वीतभर अंतरावर बोलणारी वस्तु दहा कोसांवरून हांक देऊं शकत नाहीं. चोरलेलें जनावर बाजारांत वाचनयंत्रासमोर आलें तरच ती सांपडते. चार-सहा जनावरांच्या गोठ्यास या बिल्ल्याची घाई नाहीं. पांचशें शेळ्यांचा कळप किंवा फाटकांतून रांगेनें दूध काढावयास येणाऱ्या गाई ज्यांच्याकडे आहेत त्यांना तो सोयीचा. विद्युद्घट असलेले व जनावराची हालचाल, रवंथ व कानाची ऊब मोजून माज ओळखणारे बिल्लेहि निघाले आहेत. माज हुकला कीं गाईचे २१ दिवस वायां जातात, आणि उन्हाळ्यांत म्हशीचा मुका माज चांगल्या जाणत्यासहि चकवितो, म्हणून मोठ्या दुग्धालयांत त्यांस अर्थ आहे. लहान गोठ्यांत पहांटे व दिवेलागणीस दहा मिनिटें जनावरांसमोर उभें राहणें हेंच काम करतें.

कोणताहि बिल्ला लावितांना कानाच्या मधोमध, कूर्चेच्या दोन कण्यांच्या मध्यें, डोक्याकडील बाजूस भोंक पाडावें. टोंकाशीं लावलेला बिल्ला कुंपणांत अडकून कान फाडतो. चिमटा व बिल्ला जंतुनाशकांत बुडवून घ्यावा. ऐन पावसाळ्यांत, माश्या फार असतां, शक्य तों हें काम करूं नये, कारण जखमेंत किडे पडतात. बिल्ल्याच्या दोन भागांमध्यें वारा खेळण्याइतकी जागा असावी, व आठवडाभर रोज कान पाहावा.

आतां औषधी बिल्ल्याविषयीं. तो मुख्यतः अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील मोकळ्या कुरणांतील गुरांसाठीं निघाला. गुरांच्या पाठीवर झुंडीनें बसून दिवसांतून वीस-पंचवीस वेळां रक्त पिणारी एक लहान माशी तेथें फार नुकसान करते. ती जनावर सोडते ती केवळ ताज्या शेणांत अंडीं घालण्यापुरती. बिल्ल्याच्या प्लॅस्टिकमध्यें मुरविलेलें औषध हळूहळू पृष्ठभागावर येतें. जनावर मान हलवितें, अंग चाटतें, दुसऱ्यास घासतें, तसें तें केंसांवर पसरतें व माश्या मरतात. याचा असर तीन ते पांच महिने राहतो.

१९८० च्या सुमारास अमेरिकेंत पायरेथ्रॉइड जातीच्या औषधाचे असे बिल्ले आले तेव्हां माश्यांचा नायनाट झाला असेंच लोकांस वाटलें. तीन-चार वर्षें लोटतात न लोटतात तोंच फ्लोरिडा, लुइझियाना वगैरे दक्षिणेकडील राज्यांत त्याच माश्या बिल्ल्यावर येऊन बसूं लागल्या. कारण साधें होतें. हंगाम संपला तरी बिल्ले कानांतच राहिले. औषध क्षीण झालेल्या बिल्ल्यानें अशक्त माश्या मेल्या, कणखर तेवढ्या जगल्या, व पुढची सारी पैदास कणखरांचीच झाली. तेव्हांपासून तेथील जाणते सांगतात कीं, अंगावर सुमारें २०० माश्या दिसूं लागेपर्यंत बिल्ला लावूं नये, मुदत सरतांच तो कापून काढावा, आणि पुढील वर्षीं निराळ्या वर्गाचें औषध घ्यावें. नांव निराळें पण औषध तेंच, असा बिल्ला घेऊन उपयोग नाहीं. वेष्टणावरील मूळ द्रव्याचें नांव वाचावें. कित्येक औषधांचे बिल्ले दुभत्या जनावरांस लावण्यास मनाई असते, तीहि तेथेंच लिहिलेली असते.

आपल्या गोठ्यांत खरा शत्रु गोचीड. अमेरिकेंतील एका जातीचा गोचीड कानांतच मुक्काम करतो, म्हणून तेथें कानांतील औषधानें तो हटला. आपल्याकडील गोचीड कांसेवर, शेपटीखालीं, मानेच्या पोळींत असतो. शिवाय संकरित गाईंना ज्याच्यापासून गोचीड-ताप होतो तो गोठ्याच्या भिंतींच्या फटींतून अंडीं घालतो. कानांतील बिल्ल्याचें औषध तेथवर पोंचत नाहीं. फटी बुजवून चुना देणें व पशुवैद्याच्या सल्ल्यानें अंगास औषध लावणें हेंच करावें लागतें. त्यांतहि सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन हीं औषधें अंदाजानें पातळ करून वर्षानुवर्षें तींच ओतल्यामुळें, तीं पचविणारे गोचीड देशांत अनेक ठिकाणीं झाले आहेत. औषध डब्यावरील मापानेंच मिसळावें. पाणी वाढवून दहा जनावरांत पुरविलेलें औषध गोचिडास केवळ संवय लावतें.

ज्यांनीं औषधी बिल्ले लावलेच असतील त्यांनीं ते काढण्याची तारीख, लावितांनाच, गोठ्यांतील पंचांगावर लिहून ठेवावी. लावितांना व काढितांना रबरी मोजे घालावे. काढलेले बिल्ले उकिरड्यांत किंवा ओढ्यांत टाकूं नयेत, त्यांतील उरलेलें औषध मासळीस मारक असतें. वेष्टणावर सांगितल्याप्रमाणें त्यांची विल्हेवाट लावावी, आणि हात साबणानें धुतल्यावांचून धारेस बसूं नये.