शिक्षकाचा थकवा : आदरापलीकडची जबाबदारी

स्मरणिकेसाठी आलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या लेखांत एक आठवण निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटते. वसतिगृहात ताप चढला असता सर रात्रभर उशाशी बसून होते, कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवत होते. हे वाचून मन भरून येते. परंतु आम्हा शिक्षकांना त्याबरोबर एक प्रश्नही पडतो : दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सरांना पहिल्या तासाला वर्गावर जावे लागले असेल काय? बहुधा लागलेच असेल.

सतत दुसऱ्यासाठी झिजणाऱ्या माणसाच्या या अवस्थेला मानसशास्त्रात ‘बर्नआउट’ म्हणतात. 1974 साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांच्या अनुभवावरून या अवस्थेचे वर्णन केले. ध्येयाने भारलेली माणसेच यात अधिक सापडतात, हे त्यांनी पाहिले. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे सांगितली : भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात बर्नआउटला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ती अवस्था आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणूनच थकलेल्या शिक्षकाला ‘मन खंबीर करा’ एवढेच सांगून भागत नाही. त्याच्या कामाची मांडणी तपासावी लागते.

निवासी शाळेत ही मांडणी विशेष कठीण असते. पहाटेची वंदना, वर्ग, भोजनगृहावरील देखरेख, सायंकाळचा अभ्यास आणि रात्रीची हजेरी, असा हा दिवस मावळतच नाही. त्यात निरनिराळ्या पोर्टलवर भरावयाच्या माहितीची भर पडते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. परंतु हे तीन अपवाद आणि शाळेतील कागदपत्रे मिळूनही भार लहान नसतो.

या थकव्याची किंमत शेवटी मूल मोजते. आमच्यापैकीच एका शिक्षकाचा अनुभव येथे सांगतो. घरच्या आठवणीने रात्री रडणाऱ्या सहावीच्या मुलाला ते म्हणाले, “रोजचेच आहे तुझे, झोप आता.” मुलगा गप्प झाला. पुढे कित्येक दिवस तो त्यांच्याजवळ आला नाही. हे शिक्षक निष्ठुर नव्हते. त्या आठवड्यातील ती त्यांची चौथी जागरणाची रात्र होती. मास्लाक ज्याला कोरडेपणा म्हणतात, तो असा एका वाक्यातून प्रकट होतो.

सिगालोवाद सुत्तात सहा दिशांच्या रूपाने माणसांची परस्पर कर्तव्ये सांगितली आहेत. आचार्य ही दक्षिण दिशा. शिष्यांनी आचार्यांचा आदर कसा राखावा, हे आपण मुलांना आवर्जून शिकवतो. परंतु त्याच सुत्तात खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसे. त्यांना शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी आणि वेळेवर विश्रांती द्यावी, असा तेथे उपदेश आहे. विद्यार्थ्यांसाठी शिक्षक आचार्य असतो, तर संस्थेसाठी तो राबणारा माणूसही असतो. आपण त्याला पहिल्या दिशेचे वंदन भरभरून दिले. दुसऱ्या दिशेचे देणे मात्र बाकी राहिले.

ते देणे फेडण्यास मोठा निधी लागत नाही. रात्रीच्या देखरेखीच्या पाळ्या ठरलेल्या असाव्यात आणि जागरणानंतरची सकाळ मोकळी मिळावी. आठवड्यातील एक दिवस खरोखर सुटीचा असावा. पालकांनी तातडीचे कारण नसल्यास ठरलेल्या वेळेतच दूरध्वनी करावा. माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक सायंकाळ अभ्यासवर्ग सांभाळला, तरी एका शिक्षकाला ती सायंकाळ आपल्या कुटुंबाबरोबर घालवता येईल.

झोप उडणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे, ही लक्षणे दिसू लागल्यास मात्र विश्रांतीवर विसंबून राहू नये, डॉक्टरांकडे जावे. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा नाही, हे आम्ही मुलांना सांगतो. आता ते आम्हा शिक्षकांनाही शिकायचे आहे.

माजी विद्यार्थी भेटीस येतात तेव्हा चरणस्पर्श करतात. त्यांना आमची एवढीच विनंती आहे : त्यानंतर क्षणभर थांबून, “सर, बाई, आपण कशा आहात?” असेही विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे.