परमुलखातील पंगत

मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग यांमुळे नरडाण्यास वाटसरूंची वर्दळ नेहमीचीच. दूरदेशीचा वाटसरू खानदेशातील खानावळीत प्रथमच बसतो, तेव्हा त्याच्यापुढे कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, शेवेची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा येतो. भाकरी कशी मोडावी, तिखट कितपत सोसेल, हे त्याला उमगत नाही. शेजारचा गृहस्थ त्याला हसला, तर घास त्याच्या घशाखाली उतरणार नाही. तोच गृहस्थ आपुलकीने समजावू लागला, तर परका मुलूखही त्याला आपला वाटेल.

याच गावचा एखादा तरुण शिक्षणासाठी फ्रान्स देशात गेला, तर तेथे तोही असाच नवखा वाटसरू ठरेल. पॅरिसमधील एखाद्या लहानशा, नीटनेटक्या भोजनगृहात त्याला काय दिसेल? आत शिरताना 'बाँझूर' म्हणून अभिवादन करण्याची तेथे रीत आहे. मुकाट्याने जाऊन बसणे असभ्य समजतात. डाव्या हाती काटा व उजव्या हाती सुरी धरतात. पाव मात्र मेजावरच ताटलीशेजारी ठेवतात आणि भाकरीप्रमाणे हाताने मोडून खातात. पदार्थ एकामागून एक येतात: प्रथम हलका पदार्थ, नंतर मुख्य पदार्थ, पुढे चीज आणि शेवटी गोड. भोजन आटोपले तरी मागितल्यावाचून वाढपी बिल आणीत नाही. ते आपण होऊन पुढे ठेवणे म्हणजे पाहुण्यास 'आता ऊठ' म्हणण्यासारखेच होय.

'भरल्या ताटाची आमची रीत किती बरी!' असे त्या तरुणास वाटेल. परंतु पूर्वी फ्रान्समधील मेजवान्यांतही अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडीत असत. एकामागून एक वाढण्याची पद्धत तेथे एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि तिचे नावच मुळी 'रशियन पद्धत' असे होते! आपल्या ठेच्यातील मिरची तरी कोठली? ती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. आज जे अगदी आपले वाटते, तेही कधी काळी परके होते.

'रेस्टॉरंट' हा शब्दही फ्रेंचच. 'पुन्हा तरतरी आणणारे' हा त्याचा मूळ अर्थ. आरंभी तो एका पौष्टिक साराला लावीत. अठराव्या शतकात असे सार देणाऱ्या पॅरिसमधील जागांनाही तेच नाव पडले. त्यापूर्वी पांथस्थांना खाणावळीत ठरलेल्या वेळी, सर्वांसोबत एकाच मेजावर बसून, पुढे येईल ते खावे लागे. नव्या भोजनगृहांत स्वतंत्र मेज मिळे आणि दर पाहून पदार्थ निवडता येई.

तरुण शाकाहारी असेल तर मात्र खरी कसोटी लागते. तेथील पुष्कळ सारांत मांसाचा रस घातलेला असतो. संकोचाने गप्प बसून नको ते खाणे हा शिष्टाचार नव्हे. तसेच शेजाऱ्याच्या ताटलीकडे पाहून नाक मुरडणे हा स्वाभिमान नव्हे. पदार्थ मागविण्यापूर्वीच आपला नेम सौम्य शब्दांत सांगावा आणि दुसऱ्याच्या अन्नाचा मान राखावा. असे केल्याने आपला नेम टिकतो आणि यजमानही दुखावत नाही.

फ्रेंच लोकांच्या सहभोजनाच्या परंपरेस युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. एकत्र बसावे, सावकाश जेवावे, अन्नाची आणि सोबत्यांची कदर करावी, हे त्या परंपरेचे सार आहे. पंगतीत सर्वांची पाने वाढून होईपर्यंत थांबणाऱ्या आपल्या लोकांना ते परके कसे वाटेल? रीत वेगळी दिसली म्हणजे तिच्यामागील कारण शोधावे. कारण कळले की हसूही येत नाही आणि लाजही वाटत नाही.

स्वाध्याय
१. फ्रेंच भोजनगृहात न मागता बिल का आणीत नाहीत?
२. मिरचीचे उदाहरण कोणती गोष्ट पटविण्यासाठी दिले आहे?
३. तुमच्या घरी परप्रांतीय पाहुणा जेवावयास आला, तर त्याला कोणकोणत्या गोष्टी समजावून सांगाल?